जुन्या लाकडाची साक्ष

जुन्या वस्तूखाली लावलेली चिठ्ठी ही टीकेचीच एक शाखा आहे, असे म्हटले तर वाचकांना ते कदाचित अतिशयोक्त वाटेल. पण संग्रहालयातील एखाद्या पेटाऱ्यापुढे क्षणभर थांबावे आणि त्याखालच्या दोन ओळी वाचून पाहाव्यात. अमुक प्रदेश, अमुक शतक, अमुक घराणे. या दोन ओळींत तीन स्वतंत्र निर्णय दडलेले असतात : वस्तू कोठे घडली, केव्हा घडली आणि कोणाच्या हातून घडली. एखाद्या अभंगाचा कर्ता ठरवू पाहणाऱ्या संशोधकाला पडतात तेच हे प्रश्न. फरक एवढाच, की अभंगाच्या बाबतीत निर्णय चुकला तर चार पंडित लेखण्या सरसावून उभे राहतात. लाकडाच्या बाबतीत मात्र तो पितळी पाटीवर कोरला जातो आणि एका पिढीत इतिहास होऊन बसतो.

हा विचार मनात येण्यास एक घरगुती निमित्त घडले. रायपुरात आमच्या कुटुंबाची ही पाचवी पिढी. आमच्या घरी लिहिण्याचे एक सागवानी मेज आहे. दोन खण, कातीव पाय, वरच्या फळीवर शाईचे जुने डाग. हे मेज भोसल्यांच्या अमदानीतले, रतनपूरच्या सुभ्याच्या कचेरीतून आलेले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. माझ्या थोरल्या काकांनी ते येथील एका मराठी संस्थेला देण्याचे ठरविले आणि त्यावर बसविण्याच्या पितळी पाटीचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. 'तू पदवीधर आहेस, मासिकांतून लिहितोस, चार ओळी नेमक्या लिही,' एवढेच ते म्हणाले. मी कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर सांभाळणारा कारकून. प्रत्येक खुर्चीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचा, खरेदीची तारीख, किंमत आणि कोणत्या शाखेकडे दिली ते नोंदवायचे, आणि मोडल्यावर निर्लेखनाचा प्रस्ताव ठेवायचा, हा माझा रोजचा व्यवहार. त्या रजिस्टरात कितीतरी रकाने आहेत. पण खुर्ची घडविणाऱ्याच्या नावाचा रकाना त्यात नाही. इतक्या वर्षांत ही उणीव मला कधी जाणवली नव्हती. पाटीचा मजकूर लिहायला बसलो तेव्हा ती प्रथम जाणवली, आणि जुने लाकूड ओळखण्याचे शास्त्र आहे तरी काय, हे पाहण्याची गरज उत्पन्न झाली.

या शास्त्राची सर्वांत चिकाटीने मशागत झाली ती अमेरिकेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विनोदी वाटते. ज्या देशाच्या वसाहतकालाची मर्यादा १७७६ साली संपते, त्याने आपल्या जुन्या खुर्च्यांचा एवढा खल का करावा? परंतु त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ज्यांच्याजवळ लेणी नाहीत, त्यांना पूर्वजांची पेटीच लेण्याच्या ठिकाणी. डॉ. अर्व्हिंग लायन यांचा न्यू इंग्लंडमधील वसाहतकालीन फर्निचरावरचा ग्रंथ १८९१ साली निघाला. ल्यूक व्हिन्सेंट लॉकवुड यांचा विस्तृत ग्रंथ १९०१ साली आला. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या वस्तूंसाठी स्वतंत्र दालनेच उघडली. लायन यांच्या पद्धतीचे मला, एक कारकून म्हणून, विशेष कौतुक वाटते. मयत व्यक्तींच्या मालमत्तेच्या ज्या याद्या न्यायालयाच्या दफ्तरांत पडून होत्या, त्या त्यांनी वाचून काढल्या. कोणत्या साली कोणत्या घरात कोणती वस्तू होती, तिला त्या वेळी काय नाव होते आणि तिची किंमत काय धरली होती, हे त्यांनी त्या याद्यांतून दाखवून दिले. घराण्यातील आख्यायिकेला कागदाचा लगाम बसला तो येथे.

पण कागद वस्तूचे नाव सांगतो, तिचे कुल सांगत नाही. ते सांगण्यासाठी पुढच्या अभ्यासकांना वस्तू उलटी करून पाहावी लागली. आणि या विद्येचे मर्म, माझ्या मते, या उलटे करण्यातच आहे. मेजाचा दर्शनी भाग गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे घडतो. वेस्ट इंडीजमधून आलेले महोगनी बॉस्टनला मिळे तसेच फिलाडेल्फियालाही मिळे. लंडनमधील नमुन्यांची पुस्तके दोन्हीकडे पोहोचत. पण खणाचा तळ, पाठीमागची फळी, आतले आधार यांसाठी महाग लाकूड कोण वापरील? तेथे सुतार आपल्या गावच्या रानातले, हाताशी असलेले लाकूड घालतो. म्हणून आत पांढरा पाइन निघाला तर दृष्टी न्यू इंग्लंडकडे वळते, ट्यूलिप पॉप्लर निघाला तर फिलाडेल्फिया आणि त्याच्या दक्षिणेकडे, चेस्टनट निघाला तर न्यूपोर्टकडे. तीच गोष्ट सांध्यांची. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे जे दाते एकमेकांत बसवितात, ते किती रुंद, किती उतरते, किती नेटके, ही प्रत्येक कारखान्याची सवय असते. गिऱ्हाईक ती सांगत नाही आणि सुतारही तिचा विचार करीत नाही. गिऱ्हाइकाने जे मागितले त्यावरून गिऱ्हाईक कळते. त्याने जेथे पाहिलेच नाही तेथे सुतार कळतो.

आपल्याकडील ग्रंथसंशोधकांना ही पद्धत परकी वाटू नये. पोथीचा काळ ठरविताना आपण तिच्या मंगलाचरणावर विसंबत नाही. लेखकाच्या हातून नकळत झालेल्या चुका, जुनी प्रत्ययरूपे, अक्षराचे वळण पाहतो. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. ते त्यांना बजावावे लागले, याचाच अर्थ असा की मोठ्या नावाच्या आश्रयाला लहान हात येऊन बसण्याची खोड जुनी आहे. तुकोबांची नाममुद्रा शेवटी असली म्हणजे अभंग तुकोबांचा ठरत नाही, हे आपण शिकलो आहोत. फर्निचराच्या क्षेत्रातही तेच घडले. न्यूपोर्ट येथे टाउनसेंड आणि गॉडर्ड या दोन क्वेकर घराण्यांतील सुतारांनी अठराव्या शतकात अत्यंत देखणे काम केले. एके काळी त्या धाटणीची जवळजवळ प्रत्येक वस्तू जॉन गॉडर्डच्या नावावर घातली जात असे. पुढे जॉन टाउनसेंडने स्वतः नाव घातलेल्या वस्तू मिळत गेल्या, आतील बांधणीची तुलना झाली आणि श्रेयाची वाटणी नव्याने करावी लागली. १९८९ साली न्यूपोर्टचे असे एक पुस्तककपाटासहित मेज लिलावात १ कोटी २१ लाख डॉलर्सना गेले. नावाला एवढी किंमत आली, की नाव लावण्याची घाईही त्याच प्रमाणात वाढणार, हे उघड आहे.

या घाईची फजिती कशी होते, याचे एक उदाहरण त्या देशात प्रसिद्ध आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या विल्यम ब्रूस्टर यांची म्हणून मानली जाणारी कातीव दांड्यांची एक खुर्ची प्लिमथ येथे जपून ठेवलेली आहे. तशीच दुसरी खुर्ची मिळाल्याचे कळताच हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० साली ती ९,००० डॉलर्सना घेतली. १९७७ साली उघड झाले, की ऱ्होड आयलंडच्या आर्मंड लामोंटेन नावाच्या शिल्पकाराने ती १९६९ साली स्वतः घडवून, जुनाट करून, मुद्दाम सोडून दिली होती. आपल्या कामाचा पुरावा त्याने लाकडातच ठेवला होता : सांध्यांची भोके त्याने आधुनिक गिरमिटाने पाडली होती. सतराव्या शतकातील चमच्यासारख्या पात्याच्या गिरमिटाने पाडलेल्या भोकाचा तळ वेगळा असतो, आणि हा फरक क्ष-किरणांच्या चित्रात दिसला. तज्ज्ञांनी झीज पाहिली, रंग पाहिला, घाट पाहिला. भोकाचा तळ पाहिला नाही. त्या संग्रहालयाचे कौतुक एवढ्यासाठी करायचे, की त्याने ती खुर्ची फेकून दिली नाही. नकली वस्तू कशी ओळखावी हे शिकविण्यासाठी ठेवून घेतली.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे तोटा लबाडीपेक्षा गैरसमजाने अधिक झालेला आहे. अठराव्या शतकातील इंग्रज साहित्यिक होरेस वॉलपोल याला जुन्या वस्तूंचा मोठा षोक. लंडनजवळच्या आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी त्याने आबनुसी लाकडाच्या, दाट कोरीव कामाच्या खुर्च्या जमविल्या. तशाच खुर्च्या त्याने एशर येथे पाहिल्या होत्या, आणि त्या स्थळाशी आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्सी याचे नाव निगडित होते. तेवढ्यावरून वॉलपोलने अनुमान केले, की हे ट्यूडर काळातील अस्सल इंग्रजी काम. त्याचे पाहून इतर सरदारांनीही अशा खुर्च्या मिळविल्या आणि आपली घरे प्राचीन इंग्लंडच्या वैभवाने सजविली. वस्तुतः त्या खुर्च्या आपल्या पूर्वकिनाऱ्यावर, कोरोमंडलच्या बाजूस, सतराव्या शतकात घडलेल्या. आंध्र-तमिळ किनाऱ्यावरील कोणा सुताराच्या पटाशीने काढलेली वेलबुट्टी दीडदोनशे वर्षे इंग्लंडच्या राष्ट्रीय पुराणाचा भाग होऊन बसली होती. १९३४ साली व्हिल्हेल्म स्लोमान या डॅनिश अभ्यासकाने युरोपीय फर्निचरावर भारताचे ऋण आहे असे आग्रहाने मांडले. त्याच्या सगळ्याच विधानांना मान्यता मिळाली नाही, पण प्रश्न एकदाचा विचारला गेला.

या विषयावरचा आजचा आधारग्रंथ म्हणजे अमीन जाफर यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी सिद्ध केलेला, ब्रिटिश हिंदुस्थान व सिलोन येथील फर्निचरावरचा २००१ सालचा ग्रंथ. त्याच्या नावाविषयी माझी तक्रार आहे, ग्रंथाविषयी नाही. नावात राज्यकर्ता आहे. पण आत वस्तूंची मांडणी घडणीच्या स्थळांप्रमाणे केलेली आहे आणि तीच योग्य होय. आमच्या रायपूरहून जेथे रेल्वे थेट जाते त्या विशाखापट्टणमचे उदाहरण त्यात फार उद्बोधक आहे. अठराव्या शतकात तेथे इंग्रजी घाटाची मेजे आणि पेट्या हस्तिदंताने मढविल्या जात. हस्तिदंतावर बारीक रेघांची नक्षी कोरून तीत काळी लाख भरीत. घाट लंडनचा, गिऱ्हाईक कंपनीचा अंमलदार, आणि हात तेथील कंसाली कारागिरांचा. या कामाला 'इंग्रजी' म्हणणेही चूक आणि इंग्रजी घाट नाकारणेही चूक. जातीचे नाव तरी उरले, एवढेच समाधान. माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी उरलेलेच नाही.

परंतु मराठी वाचकाला या प्रश्नाची खरी कसोटी गोव्यात पाहावयास मिळते. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथून युरोपात जे असंख्य नक्षीदार खणांचे पेटारे, लिहिण्याच्या पेट्या आणि मेजे गेली, त्यांवर आज 'इंडो-पोर्तुगीज' अशी चिठ्ठी असते. हा शब्द सोयीचा आहे. पण निर्णय टाळण्यासाठीही तो तितकाच सोयीचा आहे. सागाच्या सांगाड्यावर शिसवी आणि आबनूस यांची जडणी, एकमेकांना छेदणारी वर्तुळे, मुलामा दिलेल्या तांब्याचे कोपरे आणि पायांच्या जागी कमरेखाली सर्पाकृती झालेल्या नागकन्या, अशा वस्तू सामान्यतः गोव्याच्या मानल्या जातात. उलट शिकारीची दृश्ये, मोगली पेहरावातील माणसे आणि हस्तिदंताची फुलझाडे असलेल्या पेट्या गुजरात व सिंधकडच्या. पण या दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच बंदरातून, एकाच जहाजातून, एकाच व्यापाऱ्याच्या नावावर बाहेर गेल्या. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन सिंधमध्ये बनणाऱ्या, शिंपल्यांच्या जडणीच्या पेट्या आणि मेजांचे वर्णन करतो. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेला फ्रेंच प्रवासी पिरार खंबायतच्या अशाच कामाची वाखाणणी करतो. म्हणजे गोवा हे घडणीचे स्थळ होते, तसेच ती मोठी बाजारपेठही होती. बाजाराचे नाव मालाला लागावे, हे व्यवहारात चालते. टीकेत चालू नये.

येथे आपल्या बाजूच्या एका सवयीवरही टीका करणे प्राप्त आहे. नागकन्येचा पाय दिसला, की आपण लगेच म्हणतो : पाहा, ख्रिस्ती पेटाऱ्याखाली हिंदू सुताराने आपली देवता लपविली! हे वाक्य कानाला गोड लागते. परंतु त्याला पुरावा लागतो. नागकन्या हा दर्शनी भाग आहे. तो गिऱ्हाइकाने मागितला असेल; पौर्वात्य चमत्कृती म्हणून लिस्बनच्या खरेदीदारांना तो आवडत असेल; बाटलेल्या सुताराने वडिलांकडून शिकलेला नमुना तसाच चालविला असेल. पोर्तुगीज अभिमान क्रुसावरून जितका चुकतो, तितकाच आपला अभिमान नागकन्येवरून चुकू शकतो. याउलट एक सरकारी स्वरूपाचा कागद मला अधिक बोलका वाटतो. गोव्याच्या १५६७ सालच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. कारकुनी जन्मात मी एक गोष्ट शिकलो आहे : जे कोणी करीतच नाही त्याच्या मनाईचे परिपत्रक कधी निघत नाही. त्या एका मनाईत, नावे नसली तरी, कितीतरी हातांची उपस्थिती नोंदली गेली आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तेथील वस्तूंपुढे उभे राहताना ही मनाई आठवावी. कोणत्याही एका वस्तूचा कर्ता तिने सिद्ध होत नाही. परंतु त्या काळच्या कारखान्यांत कोण बसत होते, याविषयी आपल्या कल्पना तिने दुरुस्त होतात.

एवढी शिदोरी घेऊन मी आमच्या मेजाकडे परतलो.

प्रथम इतिहासाचा हिशेब. भास्करपंतांनी रतनपूर घेतले ते १७४१ साली. बिंबाजी भोसल्यांचा प्रत्यक्ष कारभार १७५८ ते १७८७, पुढे सुभेदार, १८१८ पासून काही वर्षे इंग्रजांची देखरेख, आणि १८५४ साली सारे नागपूर राज्यच खालसा. तेव्हा भोसलेकालीन म्हणावयाचे तर मेज १८५४ च्या आधीचे हवे. मग पहिलाच प्रश्न उभा राहिला, आणि तो इतका साधा होता की पाच पिढ्यांत कोणाला कसा सुचला नाही याचे आश्चर्य वाटले. सुभ्याच्या कचेरीत कारकून बसत कोठे? गादीवर, मांडी घालून, पुढ्यात उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क घेऊन. आमच्या मेजाची उंची खुर्चीवर बसून लिहिण्याची आहे; खाली गुडघ्यांसाठी जागा सोडलेली आहे. हे मेज ज्या कचेरीसाठी घडले, तिच्यात खुर्ची अगोदर येऊन बसलेली होती.

केवळ घाटावरून निकाल देऊ नये, म्हणून लाकडाच्या एका वखारीतील वृद्ध मिस्त्रींना घरी बोलावले. मेज उलटे केले. त्यांनी पाठीमागच्या फळीवरून तळहात फिरविला आणि मला बोट ठेवून दाखविले : करवतीच्या खुणा सरळ नव्हत्या, कमानीसारख्या वळलेल्या होत्या. दोन आराकस आरा ओढतात तेव्हा रेघा सरळ, थोड्या वेड्यावाकड्या पडतात. अशी कमान फिरत्या चक्राच्या करवतीनेच उमटते. त्या फळीला तारेचे गोल खिळे होते, आणि त्यांच्याखेरीज आधीच्या खिळ्यांचे एकही रिकामे छिद्र नव्हते. म्हणजे खिळे मागाहूनच्या दुरुस्तीचे नव्हेत, मूळचेच. यंत्राची करवत आणि तारेचे खिळे एकत्र आले, की आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरी येऊन पोहोचतो. मग मिस्त्रींनी खण ज्यावर सरकतात त्या आतल्या पट्ट्यांपैकी एकीचा बारीक छिलका काढला, तो वजनाला तोलला, उजेडात धरला, आणि म्हणाले, 'सरई.' सरई म्हणजे साल. नागपूरकडे रान सागाचे. सालाचे रान लागते ते पूर्वेकडे, बालाघाट-मंडल्यापासून इकडे छत्तीसगड-बस्तरपर्यंत. दर्शनी साग कोठूनही येईल. पण जड, वेडावणारे सालाचे लाकूड नागपूरच्या सुताराने मागवून आत घातले असेल, हे संभवत नाही. तो पांढरा पाइन आणि ट्यूलिप पॉप्लर यांचा जो न्याय, तोच येथे लागू पडला.

शेवटचा पुरावा मात्र कोणत्याही ग्रंथात सापडला नसता. दोन्ही खण बाहेर काढून पालथे घातले, तेव्हा त्यांच्या तळाशी शिसपेन्सिलीने लिहिलेले एकेक अक्षरचिन्ह दिसले. एकावर 'डेरी', दुसऱ्यावर 'जेवनी'. छत्तीसगडीत डावे आणि उजवे. हे घरातल्या कोणी मागाहून लिहिले असेल, अशी शंका मी स्वतःच काढली. पण 'जेवनी'मधील पहिल्या अक्षराचा अर्धा भाग कडेच्या पट्टीखाली गेलेला होता आणि ती पट्टी सरसाने पक्की बसलेली होती. तेव्हा शब्द लिहिला गेला तो खण जुळविण्यापूर्वी, कारखान्यात, कोणता खण कोणत्या बाजूचा हे विसरू नये म्हणून. मिस्त्री ते वाचून हसले. 'ये तो हमर बोली आय,' ते म्हणाले, आणि त्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरविले.

काका खुर्चीवर बसून हे सारे पाहत होते. त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी लहानपणी या मेजावर बाराखडी गिरविली आणि आपल्या आजोबांच्या तोंडून सुभ्याच्या कचेरीची गोष्ट ऐकली. ते म्हणाले, 'म्हणजे आजोबा खोटं बोलत होते, असं तुला म्हणायचं आहे?' मी म्हणालो, 'नाही काका. आजोबांनी जे ऐकलं तेच सांगितलं. मेज खोटं बोलत नाही, एवढंच.' ते बराच वेळ गप्प राहिले. मग मोबाइलचा उजेड जवळ धरून ते दोन शब्द त्यांनी स्वतः वाचले.

त्यांचे दुःख मला कळत होते. परप्रांतात स्थायिक झालेल्या कुटुंबाला अशा एका वस्तूचा फार आधार असतो. भोसल्यांच्या कचेरीतले मेज घरी आहे, म्हणजे आपण येथे नोकरीसाठी आलेले उपरे नसून इतिहासाबरोबर आलो, अशी ती धारणा. ती मोडताना मलाही बरे वाटले नाही. पण प्रामाणिकपणे विचार करता असे दिसते, की त्या आख्यायिकेने आम्हांला एक प्रतिष्ठा दिली आणि त्या बदल्यात दुसऱ्या कोणाची हिरावून घेतली. ज्याने सागाच्या फळ्या निवडल्या, पाय कातले, सरईच्या पट्ट्या बसविल्या आणि डावे-उजवे आपल्या भाषेत लिहून ठेवले, त्या माणसाला आमच्या गोष्टीत जागाच नव्हती. वॉलपोलने कोरोमंडलच्या सुताराच्या जागी वुल्सीला बसविले, आम्ही छत्तीसगडच्या सुताराच्या जागी सुभेदाराला. घराच्या आकाराचा फरक सोडला, तर दोष एकच आहे.

कोणी विचारील, की पाटीवरच्या दोन ओळींचा एवढा ऊहापोह कशाला? उद्या कोणी येथील मराठी समाजाचा इतिहास लिहू लागला, तर तो ती पाटी पुरावा म्हणून उतरून घेईल. त्यावरून दुसरा लेख होईल, आणि त्यानंतर मेज उलटे करून पाहण्याची कोणाला गरजच वाटणार नाही. येथील महंत घासीदास संग्रहालय १८७५ साली स्थापन झाले. तेथील शिलालेखांचे वाचन पुन्हा पुन्हा तपासले जाते, कारण दगडावरचे अक्षर हा पुरावा आहे असे आपण मानतो. घरातल्या लाकडालाही तीच शिस्त लावली पाहिजे. विशेषतः आम्हां बाहेरच्या मराठी माणसांनी, कारण आमचा इतिहास कागदावर थोडा आणि अशा वस्तूंत फार आहे.

मी लिहून दिलेला मजकूर असा : 'सागवानी लिहिण्याचे मेज, आतील पट्ट्या सालाच्या. घडण छत्तीसगडातील. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाची अखेर अथवा विसाव्याचा आरंभ. पाच पिढ्या एका मराठी कुटुंबाच्या वापरात. कारागिराचे नाव अज्ञात. त्याच्या हातचे दोन शब्द खणांच्या तळाशी आहेत.' काकांनी तो दोनदा वाचला. 'बहुधा' हा शब्द पितळेवर शोभत नाही, असे ते म्हणाले. मी तो काढण्यास नकार दिला, कारण त्या साऱ्या मजकुरात मला पूर्ण खात्रीने लिहिता आलेला तोच एक शब्द होता.

पाटी अजून कोरलेली नाही. मेज संस्थेकडे गेले आहे. ते पोहोचवायला काका स्वतः गेले होते, आणि तेथील मंडळींना त्यांनी प्रथम खण बाहेर काढून दाखविले, असे मागाहून कळले.